‘लास्ट स्टेज’ म्हणजे नेमकं काय? योनिमार्गाचा कर्करोग, उसना पुरावा आणि आठ आठवडे

‘लास्ट स्टेज आहे’ हे वाक्य आपल्याकडे कर्करोगाच्या बाबतीत इतक्या सहज उच्चारलं जातं, की त्यातून नेमकं काय सांगितलं गेलं हे कुणी विचारत नाही. गाठ जागच्या जागी वाढलेली असो की रोग फुप्फुसांत पोचलेला असो, शब्द तेच. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र या दोन अवस्थांत फार मोठं अंतर आहे. पहिलीत रोग बरा करायचा याच उद्देशाने उपचार केले जातात. दुसरीत रोग आटोक्यात ठेवणं आणि त्रास कमी करणं हा उद्देश असतो. हा फरक घरच्यांपर्यंत पोचला नाही, तर बरी होण्याची शक्यता असलेली बाईसुद्धा ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी आणली जाते. हा फरक मी एका अशा कर्करोगाच्या संदर्भात मांडणार आहे, ज्याचं नाव घेणंच आपल्याला जड जातं : योनिमार्गाचा कर्करोग. मी डॉक्टर नाही. डोंबिवलीत राहते, वैद्यकीय संशोधनाचे निबंध वाचते आणि ते मराठीत समजावून घेण्याचा प्रयत्न करते. त्या वाचनातून उभं राहिलेलं हे चित्र आहे.

सुरुवात नावापासूनच करावी लागते. घरात या आजाराला ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘खालच्या जागेचं दुखणं’. पिशवी म्हणजे गर्भाशय. त्याचं तोंड, म्हणजे गर्भाशयमुख, ज्या मार्गात उघडतं तो योनिमार्ग. ही काही सेंटिमीटर लांबीची नळी असते आणि तिची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड. पुढे मूत्राशय आणि मूत्रनलिका, मागे गुदाशय, दोन्ही बाजूंना ओटीपोटाच्या हाडांची चौकट. इतक्या दाटीत वाढणाऱ्या गाठीला शेजारी जायला फार वेळ लागत नाही. शेजारी मूत्राशय आणि गुदाशय असल्यामुळे उपचारही अवघड होतात.

हा कर्करोग दुर्मीळ आहे. २०२० साली जगभरात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे ६ लाख ४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले, योनिमार्गाच्या कर्करोगाचे सुमारे १८ हजार. म्हणजे तेहतीस-चौतीसला एक. नोंदीचा एक नियमही हा आकडा लहान ठेवतो. गाठ योनिमार्गात असली आणि ती गर्भाशयमुखालाही लागलेली असली, तर तिची गणना गर्भाशयमुखाच्या कर्करोगात होते. बाहेरच्या भागाला, म्हणजे योनिमुखाला लागलेली असली, तर तिकडच्या कर्करोगात. योनिमार्गात सापडणाऱ्या बहुतेक गाठी तर मुळात दुसरीकडून आलेल्या असतात : गर्भाशयातून, बीजकोशातून, गुदाशयातून. म्हणून निदान करताना नुसता तुकडा तपासून भागत नाही. आजूबाजूच्या अवयवांत मूळ रोग नाही, याचीही खात्री करावी लागते.

कारणांत पहिलं नाव एचपीव्ही या विषाणूचं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असतो तोच हा विषाणू, आणि योनिमार्गाच्या साधारण चारांतल्या तीन कर्करोगांमागेही तोच आढळतो. एचआयव्हीची लागण असेल तर धोका वाढतो. पूर्वी गर्भाशयमुखाचा कर्करोग किंवा त्याच्या आधीची पेशींची बिघडलेली अवस्था होऊन गेली असेल, तरीही वाढतो.

या ठिकाणी आपल्याकडचा एक समज आडवा येतो. ‘माझी पिशवी काढलेली आहे, मला आता त्या जागेचा कॅन्सर कसा होईल?’ पिशवी काढली तरी योनिमार्ग राहतो. त्याच्या वरच्या टोकाला टाके घालून तो बंद केलेला असतो. ज्या बाईची पिशवी कर्करोगपूर्व बदलांसाठी काढली असेल, तिने तर त्या टोकाची तपासणी पुढची अनेक वर्षं करत राहायला हवी. पाळी बंद झाल्यावर अंगावरून लाल जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, पाण्यासारखा किंवा दुर्गंधी येणारा स्राव, यांतलं काहीही असेल, तर पिशवी असो वा नसो, आतून तपासणी झालीच पाहिजे. ही तपासणी करतानाही एक बारकावा आहे. स्पेक्युलम नावाचं जे उपकरण आत घालतात, त्याची दोन पाती पुढची आणि मागची भिंत झाकतात. ते बाहेर काढताना फिरवून पाहिलं नाही, तर त्या भिंतींवरची लहान गाठ नजरेतून सुटू शकते.

आता टप्पे. पहिल्या टप्प्यात रोग योनिमार्गाच्या भिंतीतच असतो. दुसऱ्यात भिंतीच्या बाहेरच्या ऊतींत शिरलेला असतो, पण ओटीपोटाच्या हाडाच्या चौकटीपर्यंत गेलेला नसतो. तिसऱ्यात चौकटीला टेकलेला असतो. चौथ्याचे दोन भाग आहेत. ‘चार-अ’मध्ये रोग मूत्राशयाच्या किंवा गुदाशयाच्या आतल्या अस्तरात शिरलेला असतो. ‘चार-ब’मध्ये तो फुप्फुस, यकृत, हाडं अशा दूरच्या अवयवांत पोचलेला असतो. ‘लास्ट स्टेज’ हा शब्द तिसऱ्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना सरसकट लावला जातो. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्राने १९७० ते २००० या काळात किरणोपचार दिलेल्या १९३ स्त्रियांची माहिती २००५ साली प्रसिद्ध केली. या कर्करोगाने मृत्यू न आलेल्यांचं पाच वर्षांनंतरचं प्रमाण पहिल्या टप्प्यात ८५ टक्के होतं, दुसऱ्यात ७८ टक्के, आणि तिसरा टप्पा व ‘चार-अ’ मिळून ५८ टक्के. म्हणजे ज्यांना आपण शेवटच्या टप्प्यातल्या म्हणतो, त्यांच्यातल्याही निम्म्याहून अधिक. आणि हे आकडे आजच्यापेक्षा जुन्या यंत्रांच्या काळातले आहेत.

मग उपचार कुठला, हे कसं ठरतं? वैद्यकात दोन उपचारांतला चांगला कोणता हे ठरवण्याची खात्रीची पद्धत म्हणजे रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा घेणं. त्यासाठी शेकडो रुग्ण लागतात. योनिमार्गाच्या कर्करोगाचे एवढे रुग्ण कुठल्याही एका रुग्णालयाकडे येत नाहीत. त्यामुळे या रोगाचे उपचार थोरल्या बहिणीकडून, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाकडून उसने घेतलेले आहेत. विषाणू तोच, पेशी बहुधा त्याच प्रकारच्या, जागा शेजारची. उसनवारीला आधार आहे. आणि हा पुरावा ज्या ठिकाणी तयार झाला, त्यांतलं एक महत्त्वाचं ठिकाण ठाणे-कल्याणहून लोकलने गाठता येतं.

ते म्हणजे परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पाच चाचण्यांच्या आधारे जाहीर केलं, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचारांसोबत सिसप्लाटिन हे औषध दिलं तर अधिक स्त्रिया वाचतात. प्रश्न असा होता, की पाश्चात्त्य रुग्णालयांतल्या त्या चाचण्यांमध्ये हाडाच्या चौकटीपर्यंत पोचलेला रोग असलेल्या स्त्रिया त्या मानाने थोड्या होत्या. आपल्याकडे बायका येतात त्या अशाच अवस्थेत. त्यांना, अशक्त आणि रक्त कमी असलेल्या प्रकृतीला, हे औषध झेपेल का आणि त्याचा खरंच फायदा होईल का? परळच्या डॉक्टरांनी २००३ ते २०११ या काळात ‘तीन-ब’ टप्प्यातल्या ८५० स्त्रियांना चाचणीत घेतलं. निम्म्यांना फक्त किरण, निम्म्यांना किरण आणि आठवड्यातून एकदा सिसप्लाटिन. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांनंतर औषध मिळालेल्या गटातल्या ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटातल्या ४६ टक्के. शंभरात आठ जास्त. औषध जुनं, स्वस्त, आणि पेटंटच्या बाहेरचं.

त्याच वर्षी परळच्याच आणखी एका चाचणीचे निष्कर्ष आले. घरच्यांचा एक प्रश्न नेहमीचा असतो, ‘ऑपरेशन करून गाठ काढूनच टाका ना!’ थोड्या कमी पसरलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आधी केमोथेरपीने गाठ लहान करून मग शस्त्रक्रिया, की थेट किरण आणि सिसप्लाटिन, अशी तुलना ६३३ स्त्रियांमध्ये केली गेली. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के होतं आणि किरणोपचारांच्या गटात ७६.७ टक्के. हयात असलेल्यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. योनिमार्गाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात तर शस्त्रक्रियेला वाव आणखी कमी, कारण गाठीभोवती कापायला मोकळी जागाच नसते. ‘डॉक्टरांनी ऑपरेशन नाही म्हटलं, म्हणजे त्यांनी हात टेकले’ असा अर्थ लावणं म्हणून चुकीचं आहे. इथे किरण हाच मुख्य उपचार आहे.

उसन्या पुराव्याला योनिमार्गाच्या कर्करोगातून थोडा स्वतःचा पुरावाही मिळालेला आहे. चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांचा नाही, तर जुन्या नोंदी तपासून काढलेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदसंग्रहातल्या, किरणोपचार घेतलेल्या आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी २०१४ साली तपासल्या गेल्या. सोबत केमोथेरपी मिळालेल्या स्त्रियांचं मध्यम आयुर्मान ५६ महिन्यांचं निघालं, फक्त किरण मिळालेल्यांचं ४१ महिन्यांचं. अशा नोंदींत तुलनेने धडधाकट रुग्णांनाच औषध मिळालेलं असण्याची शक्यता असते, हे लक्षात ठेवायला हवं. तरी दिशा परळच्या चाचणीचीच आहे, म्हणून आज जगभर हाच मार्ग धरला जातो.

प्रत्यक्ष उपचाराचे तीन धागे असतात. पहिला, बाहेरून दिले जाणारे किरण. याला रुग्णांच्या बोलीत ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, रोज काही मिनिटं, साधारण पंचवीस ते अठ्ठावीस दिवस, मिळून ४५ ते ५० ग्रे एवढी मात्रा. रोग योनिमार्गाच्या खालच्या तिसऱ्या भागात असेल, तर जांघेतल्या ग्रंथीही या किरणांच्या टप्प्यात घ्याव्या लागतात, कारण तिथला लसीका-प्रवाह जांघेकडे जातो. दुसरा धागा सिसप्लाटिनचा. आठवड्यातून एकदा, पाच आठवडे. त्या दिवशी सलाइन लावून कित्येक तास रुग्णालयात थांबावं लागतं, कारण हे औषध मूत्रपिंडांना जड जातं. तिसरा धागा ब्रेकीथेरपीचा, म्हणजे किरणांचा उगम शरीराच्या आत, गाठीपाशी नेण्याचा. गाठ पाच मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर योनिमार्गात नळकांडं बसवून भागतं. त्याहून जाड असेल, आणि पुढच्या टप्प्यात ती असतेच, तर भूल देऊन, छिद्रं पाडलेल्या एका पट्टीतून पोकळ सुया गाठीत रोवतात. सीटी किंवा एमआरआय काढून त्या नीट बसल्या आहेत ना हे पाहतात. मग इरिडियम-१९२ चा तांदळाच्या दाण्याएवढा स्रोत यंत्राच्या साहाय्याने एकेका सुईतून फिरवतात. बाई दोन-तीन दिवस पाठीवर झोपून असते, आणि दिवसातून दोनदा, सहा तासांच्या अंतराने मात्रा दिली जाते.

हा तिसरा धागा सगळ्यांत जास्त वेळा तुटतो. बाहेरचे किरण संपले की रक्त थांबलेलं असतं, वास गेलेला असतो, दुखणं कमी झालेलं असतं. ‘बरं वाटतंय, आता सुया कशाला?’ असं घरात ठरतं. पण ५० ग्रेपर्यंतची मात्रा ही मोठी गाठ लहान करते, संपवत नाही. गाठ संपवायला लागणारी ७० ते ८० ग्रेपर्यंतची मात्रा बाहेरून दिली तर मूत्राशय आणि आतडं जळतं. आतून दिली तर काही मिलिमीटरवर तिचा जोर ओसरतो, आणि तोच ब्रेकीचा फायदा. २०१६ साली अमेरिकेतल्या अडीच हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, फक्त बाहेरचे किरण मिळालेल्यांचं मध्यम आयुर्मान ३.६ वर्षं आणि ब्रेकीथेरपीही मिळालेल्यांचं ६.१ वर्षं निघालं.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट आहे वेळेची. १९९४ साली फ्लॉरिडातल्या डॉक्टरांनी योनिमार्गाच्या कर्करोगावर फक्त किरणोपचार घेतलेल्या ६५ स्त्रियांच्या नोंदी मांडल्या. ज्यांचा सगळा उपचार नऊ आठवड्यांच्या आत पूर्ण झाला, त्यांच्यातल्या ९७ टक्क्यांमध्ये ओटीपोटातला रोग आटोक्यात आला. ज्यांचा लांबला, त्यांच्यात ५७ टक्के. संख्या लहान आहे, पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अनुभवही हेच सांगतो. तिथे पहिल्या किरणापासून शेवटच्या ब्रेकीपर्यंत सगळं आठ आठवड्यांत संपवावं असा दंडक आहे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता अर्धा ते एक टक्क्याने घटते असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कारण साधं आहे. उपचारांतून वाचलेल्या कर्कपेशी काही आठवड्यांनी अधिक वेगाने वाढायला लागतात. मधला खाडा त्यांच्या पथ्यावर पडतो.

माझ्या मते या रोगाच्या उपचारातला सगळ्यांत महत्त्वाचा पर्याय हाच आहे : सुरू केलेला उपचार सुयांसकट, आठ आठवड्यांत पुरा करणं. आणि तो पुरा होईल की नाही, हे आपल्या भागात औषधाइतकंच घरावर आणि लोकलवर ठरतं.

कल्याण पूर्वेतल्या किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या बाईचा विचार करू. पहिली तपासणी कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात, डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा जवळच्या खासगी दवाखान्यात झाली. तुकड्याचा अहवाल आला आणि तिला परळला पाठवलं. डोंबिवली मुख्य टर्मिनसपासून सुमारे ४८ किलोमीटर, कल्याण ५४. बहुतेक जलद लोकल परळला थांबत नाहीत. म्हणजे दादरला उतरून गाडी बदला, नाहीतर बस-टॅक्सी. दूरच्या गावांहून येणाऱ्यांपुढे मुक्कामाचा प्रश्न असतो आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा त्यांना आधार देतात. आपली बाई मात्र ‘जवळची’ म्हणून रोज ये-जा करते. तिसऱ्या आठवड्यापासून किरणांमुळे जुलाब सुरू होतात, लघवीला घाई होते. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं. शिवाय किरण घेताना मूत्राशय भरलेलं असावं लागतं, म्हणजे आतडी वर सरकतात आणि वाचतात. त्यामुळे पाणी पिऊन थांबायचं, आणि मग तासाभराचा परतीचा प्रवास. अशा वेळी खाडे होतात ते बाईच्या नाकर्तेपणामुळे होत नाहीत.

यावर करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. लोकलमधला दिव्यांगांसाठीचा डबा कर्करोगाच्या रुग्णांनाही खुला असतो. टाटा मेमोरियलचंच खारघरचं केंद्र ठाण्याहून ट्रान्सहार्बर मार्गाने पनवेलच्या गाडीने गाठता येतं, आणि ही गाडी ठाण्यालाच सुटत असल्याने बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. बाहेरचे किरण घराजवळच्या रुग्णालयात आणि ब्रेकी मोठ्या केंद्रात, अशी विभागणीही करता येते. पण त्यासाठी ब्रेकीची तारीख उपचार सुरू होण्याआधीच ठरलेली असली पाहिजे. जवळच्या रुग्णालयात नवं कोरं किरणयंत्र असू शकतं, मात्र सुया रोवून ब्रेकी देणारा सरावाचा हात आणि व्यवस्था प्रत्येक ठिकाणी असत नाही. पावसाने गाड्या अडल्या आणि एखादा दिवस बुडाला, तर केंद्राला त्याच दिवशी कळवावं. शनिवारी किंवा एका दिवशी सहा तासांच्या अंतराने दोनदा किरण देऊन तो दिवस भरून काढता येतो.

पैशांचं काय? महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या किरणोपचारांचा आणि केमोथेरपीचा समावेश आहे. २०२३ च्या शासननिर्णयाने तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढवली. योजना सगळ्या रुग्णालयांत लागू नसते, म्हणून पहिल्या भेटीतच ते विचारलेलं बरं. रक्ताचं प्रमाणही आधीच पाहावं लागतं. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर किरणांचा परिणाम कमी होतो, म्हणून आधी रक्त द्यावं लागतं. गाठीने मूत्रवाहिनी दाबली गेली असेल, तर नळी घालून मूत्रपिंड मोकळं करावं लागतं, नाहीतर सिसप्लाटिन देता येत नाही.

‘चार-अ’ टप्प्यात प्रश्न आणखी अवघड होतो. गाठ मूत्राशयात किंवा गुदाशयात शिरली असेल, तर ती विरघळताना तिथे भोक पडून लघवी किंवा शौच योनिमार्गातून येऊ लागतं. हे आधीच झालेलं असेल, तर किरणांपूर्वी पोटावर शौचाचा मार्ग काढून देतात. काही निवडक स्त्रियांमध्ये, रोग मध्यभागीच असेल आणि दूर कुठे गेलेला नसेल, किंवा किरणोपचारांनंतर त्याच जागी परत आला असेल, तर ओटीपोटातले अवयव एकत्र काढण्याची मोठी शस्त्रक्रिया हा उरलेला पर्याय असतो. न्यूयॉर्कचे डॉ. अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनी १९४८ साली या शस्त्रक्रियेचे पहिले २२ रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांतले पाच शस्त्रक्रियेतूनच दगावले होते. आज हा धोका बराच कमी झालेला आहे, पण पोटावर एक किंवा दोन पिशव्या घेऊन जगण्याची तयारी बाईची स्वतःची असावी लागते. हा निर्णय तिच्या वतीने इतरांनी घेण्यासारखा नाही.

‘चार-ब’मध्ये, रोग दूर गेल्यावर, मुख्य आधार केमोथेरपीचा. इथेही पुरावा उसनाच. पॅक्लिटॅक्सेल आणि सिसप्लाटिन किंवा कार्बोप्लाटिन ही जोडी नेहमीची. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ४५२ रुग्णांवरच्या चाचणीत बेव्हासिझुमॅब जोडल्यावर मध्यम आयुर्मान १३.३ वरून १७ महिन्यांवर गेलं. २०२१ पासून पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधानेही ज्यांच्या गाठीत पीडी-एल-वन हे प्रथिन आहे अशा स्त्रियांना फायदा दिसला आहे. तिची किंमत आपल्याकडे बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. परळच्या डॉक्टरांनी डोकं आणि मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅबची अगदी लहान मात्रा, तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम, देऊन पाहिली. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालं. तो वेगळा कर्करोग आहे, तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा इकडे आणता येत नाही. पण महागडं औषध आपल्या परिस्थितीला कसं बसवायचं, याचा शोध इथेच घेता येतो हे त्यातून दिसतं.

‘चार-ब’मध्येही ‘काही करता येत नाही’ हे वाक्य खरं नाही. थोड्याशा किरणांनी रक्तस्राव थांबवता येतो, हाडातली कळ कमी करता येते. दुर्गंधीवर मेट्रोनिडॅझोलसारखं साधं औषध चालतं. तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आहे. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ते रुग्णांपर्यंत पोचवणं सोपं करण्यात आलं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून शेवटच्या आजारातल्या कर्करुग्णांना सांभाळत आलं आहे. अशी शुश्रूषा अखेरच्या आठवड्यातच घ्यायची असते असं नाही. ती पहिल्या दिवसापासून इतर उपचारांच्या बरोबरीने घ्यायची असते.

बऱ्या झालेल्या स्त्रियांबद्दलही बोलायला हवं, कारण त्यांच्याविषयी कुणीच बोलत नाही. किरणांनंतर योनिमार्ग आखडतो, कोरडा पडतो, भिंती एकमेकींना चिकटू शकतात. डायलेटर नावाची नळी आठवड्यातून काही वेळा वापरली तर हे पुष्कळ टाळता येतं. संबंधांसाठी तर ते हवंच, पण पुढच्या प्रत्येक तपासणीत डॉक्टरांना आत नीट पाहता यावं, यासाठीही हवं. पन्नाशीतल्या बाईला हे सांगितलंच जात नाही, किंवा ओपीडीच्या गर्दीत, मुलासमोर सांगितलं जातं आणि ती मान खाली घालून निघून येते. नवऱ्याला वाटतं, संबंध आले तर रोग परत येईल किंवा आपल्याला लागेल. दोन्ही खरं नाही. रक्त पडणं, शौचाची घाई हे त्रास महिन्यांनी, वर्षांनीही उद्भवू शकतात, आणि त्यांच्यावर उपचार असतात.

तेव्हा आपल्या घरात किंवा शेजारात ‘लास्ट स्टेज’ हे शब्द ऐकू आले, तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. टप्पा नेमका कुठला, आणि उपचाराचा उद्देश बरं करणं आहे की आराम देणं? ब्रेकीथेरपी कुठे आणि कोणत्या तारखेला होणार? सगळा उपचार आठ आठवड्यांत संपेल अशी आखणी आहे का? मूत्रपिंडं आणि हिमोग्लोबिन त्यासाठी तयार आहेत का? हे प्रश्न विचारायला वैद्यकाचं शिक्षण लागत नाही. घरातल्या कुणीतरी आठ आठवड्यांची पाळी वाटून घ्यावी लागते : सोबत कोण जाणार, डबा कोण करणार, रक्त कोण देणार.

परळच्या त्या ८५० स्त्रियांची नावं कुठे छापली गेलेली नाहीत. त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्या आठ वर्षांच्या आत गेल्या. आज कल्याणच्या एखाद्या बाईला, तिच्या दुर्मीळ रोगासाठी, डॉक्टर खात्रीने सिसप्लाटिन लिहून देतात ते त्यांच्या जोरावर. ती बाई किरण घ्यायला परळला वेळेवर पोचेल एवढी सोय करणं हे काम आता उरलेल्या आपल्या सगळ्यांचं आहे.